थरावर थर

दिवाळीची साफसफाई निघाली म्हणजे माळ्यावरचा पत्र्याचा पेटारा खाली येतो, आणि पेटाऱ्याच्या तळाशी एक आल्बम असतोच. काळ्या जाड पानांचा, फोटोंना चारी बाजूंनी कागदी कोपरे लावलेला, दोन पानांच्या मध्ये नक्षीचा पातळ कागद घातलेला. साफसफाई तेथेच थांबते. ज्याच्या हातात झाडू तो झाडूसकट जमिनीवर बसतो, आणि “ही कोण ग?” “हे कुठलं घर?” असे सुरू होते. फराळाच्या पिठाला भिजवून तास झाला तरी कोणाला आठवण राहत नाही.

यापुढे पूर्वी आल्बम पुन्हा पेटाऱ्यात जात असे. आता तो कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे जातो. या पानावर दर आठवड्याला भेटणाऱ्या वाचकांपैकी कित्येकांनी हा उद्योग केला असेल, किंवा या सुटीत करायचे ठरवले असेल. फोटोवाल्याकडे आपण तीन मागण्या घेऊन जातो. पहिली, “जरा उजळ करून द्या.” दुसरी, “आमचे दादा लग्नाला नव्हते हो. त्यांना या फोटोत बसवून द्या.” तिसरी मागणी आपण थोड्या हळू आवाजात करतो. “यातला हा एक माणूस काढता येईल का?”

तिन्ही मागण्या तो पुऱ्या करतो. कशा करतो हे आपण विचारत नाही. पण विचारावे, असे मला वाटते. कारण ज्याला ती रीत कळली त्याला आपण काय मागत आहोत हेही कळते.

त्याच्या संगणकात फोटोशॉप नावाचा कार्यक्रम असतो. मिशिगन विद्यापीठात संशोधन करणारा टॉमस नोल आणि चित्रपटांच्या करामती करणाऱ्या कंपनीत असलेला त्याचा भाऊ जॉन या दोघांनी तो १९८७ पासून रचत आणला, आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबी कंपनीने तो बाजारात आणला. या भावांचे वडील प्राध्यापक, आणि फोटोग्राफीचा छंद असलेले. घराच्या तळघरात त्यांनी डार्करूम केली होती. मुले त्या लाल दिव्याच्या अंधारात फोटो धुवायला शिकली. तेव्हा या कार्यक्रमात डार्करूमचे संस्कार असले तर नवल नाही. पण ज्या गोष्टीने त्याची खरी कीर्ती झाली ती १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. ती म्हणजे लेयर. आपण थर म्हणू.

थर म्हणजे काय? फोटोवर एक स्वच्छ काच ठेवा. काचेवर रंग लावा, कागद कापून चिकटवा, काय वाटेल ते करा. वरून पाहिले तर फोटो बदललेला दिसतो. काच उचलली तर खाली फोटो जसाच्या तसा. त्या काचेवर दुसरी काच, दुसरीवर तिसरी. अशा वीस-पंचवीस काचा रचल्या तरी संगणकाची तक्रार नसते. हवी ती काच काढावी, खालची वर करावी, एखादी काही वेळ झाकून ठेवावी. थरांची सारी जादू एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

याआधी हे काम होत नव्हते असे नाही. ऑस्कर रेलॅन्डर नावाच्या फोटोग्राफराने १८५७ साली इंग्लंडात तीसहून अधिक निगेटिव्हा जोडून एकच भव्य चित्र छापले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हांतून एक क्षयाने खंगत चाललेली मुलगी, तिच्या उशापायथ्याशी घरच्या बायका आणि खिडकीकडे तोंड करून उभा असलेला पुरुष, असे दृश्य रचले. पाहणाऱ्यांचा जीव कासावीस झाला. मग कळले, की ही माणसे केवळ चित्रासाठी बसली होती आणि मरणारे कोणीच नव्हते. लोक रागावले. चित्रकाराने हेच दृश्य रंगवले असते तर कोणी रागावले नसते. फोटोने फसवले याचा तो राग होता. तेव्हापासून आजवर फोटोबद्दलची आपली अपेक्षा तीच आहे: जे आहे ते याने दाखवावे. आणि मागणीही तीच आहे: जे नाही ते याने दाखवावे!

आता काचेची गोष्ट थोडी पुढे नेऊ. काच पूर्ण स्वच्छ असते किंवा पूर्ण रंगलेली असते, असे थोडेच आहे? तलम साडीच्या पदराखालून हात दिसतो. दिसतो आणि दिसत नाही. संगणकाला हे कसे सांगावे? त्याच्या लेखी फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक आकडा बहुधा ० पासून २५५ पर्यंत. १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी त्यांना चौथा आकडा जोडला. हा ठिपका खालचे किती झाकतो, एवढेच तो सांगतो. त्याला त्यांनी अल्फा हे ग्रीक अक्षर दिले. १९८४ साली टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी असे थर एकमेकांवर कसे बसवायचे याचे पुरते गणित मांडले. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९९६ साली या चौघांना त्यासाठी गौरवले. चित्रपटात आज जे जे अशक्य दिसते त्याच्या मुळाशी हा चौथा आकडा आहे.

गणित सोपे आहे. वरचा थर पन्नास टक्के ठेवला तर डोळ्यांना मिळते ते अर्धे वरचे, अर्धे खालचे. त्यावर आणखी एक पन्नास टक्क्यांचा थर टाकला तर पुष्कळांना वाटते की आता सारे झाकले गेले. तसे होत नाही. उरलेल्या अर्ध्याचा अर्धा भाग झाकला जातो. म्हणजे तळातले चित्र अजून पंचवीस टक्के दिसते. तिसऱ्या थराने साडेबारा टक्के उरते. असे दहा थर दिले तरी तळाचा हजारावा हिस्सा वर येतच असतो. डोळ्याला तो कळणार नाही, पण अर्ध्याअर्ध्याने झाकत गेले तर हिशेबाने शून्य कधीच होत नाही.

हे झाले झाकण्याचे. पण दोन थर भेटले की एकाने दुसऱ्याला झाकलेच पाहिजे असे कोठे आहे? त्यांचे एकमेकांत मिसळणेही असते, आणि मिसळण्याच्या रीती अनेक. कार्यक्रमात त्यांची एक लांबलचक यादी असते, ब्लेंडिंग मोड या नावाची. ती पाहून नवखा माणूस घाबरतो. दिवाळीत घाबरायचे कारण नाही. यातल्या दोन मुख्य रीती आपल्या दारातच टांगलेल्या आहेत.

आकाशकंदिलाला आपण जिलेटिनचे रंगीत कागद लावतो. लाल कागदावर चुकून हिरव्याचा तुकडा आला तर तेथे काय दिसते? जवळजवळ काळोख. लाल कागद फक्त लाल उजेड पुढे सोडतो, आणि हिरवा कागद तो लाल उजेड अडवतो. ही पहिली रीत, मल्टिप्लाय, म्हणजे गुणाकार. काळा शून्य आणि पांढरा एक धरून वरच्या-खालच्या आकड्यांचा गुणाकार करायचा. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे पाव. म्हणून या रीतीने चित्र गडदच होते, उजळ कधीच नाही. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे याच रीतीने झाली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेलेला छापखाना शिळाछापाचा होता: प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि एका कागदावर एकामागून एक रंग. खालच्या रंगावर वरचा रंग बसला की दोहोंचा मिळून तिसरा, गडद. सरस्वतीच्या साडीची सावली ही थरांचीच सावली.

आता कंदील सोडा आणि दोन दिवे घ्या. एकाला लाल कागद, दुसऱ्याला हिरवा, आणि दोघांचा उजेड पांढऱ्या भिंतीवर एकाच जागी पाडा. तेथे पिवळा उजेड दिसतो! तेच लाल, तेच हिरवे. कागदावर कागद ठेवला तर काळोख, आणि उजेडात उजेड मिळाला तर सोन्याचा रंग. ही दुसरी रीत, स्क्रीन. नावच पडद्यावरून आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ दिव्याच्या उजेडाने पडद्यावर करीत. त्या जातीचा हा प्रकार. यात अर्धा आणि अर्धा मिळून पाऊण होतो, आणि चित्र उजळतच जाते.

या दोन रीती कळल्या की घरगुती कामे चुटकीसरशी होतात. आजीच्या हातची लाडवांच्या प्रमाणाची चिठ्ठी आहे. तिचा फोटो घ्या, तो आजीच्या छायाचित्रावर थर म्हणून ठेवा, आणि मल्टिप्लाय करा. पांढरा म्हणजे एक. एकाने गुणले तर बदल नाही. कागद नाहीसा होतो आणि शाईची अक्षरे तेवढी फोटोवर उमटतात. कागद पिवळा पडला असेल तर आधी तो पांढरा करून घ्यावा लागतो, इतकेच. उलट, काळ्याभोर आकाशातला भुईनळा अंगणातल्या फोटोवर आणायचा असेल तर स्क्रीन. काळे ते नाहीसे होते, ठिणग्या राहतात. यासाठी महागाचा कार्यक्रम विकत घेण्याचीही गरज नाही. गिंप नावाचा कार्यक्रम १९९६ पासून फुकट मिळतो आणि त्यातही हे सारे आहे.

तिसरी एक रीत सांगतो, कारण तिचा मोह सर्वांत मोठा. तिचे नाव कलर. यात उजेड-सावली खालच्या थराची राहते आणि रंग तेवढा वरच्या थराचा लागतो. जुन्या कृष्णधवल फोटोला रंग चढवायचा तो असा. पूर्वी स्टुडिओतले कारागीर पातळ पारदर्शक रंगांनी हेच काम ब्रशाने करीत. पण रंग कोणता द्यायचा? फोटो ते सांगत नाही. जुन्या काळच्या पुष्कळशा फिल्मा लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल त्यांत काळा उतरे. कपाळावरचे कुंकू आणि काळे गंध त्यांत सारखेच. आता संगणक आपल्या अंदाजाने क्षणात रंग भरून देतो, आणि पणजीचे लुगडे निळे होते. ते हिरवे होते हे सांगणारी एखादी नव्वदीची आत्या अजून घरात असते. तिला विचारायचे राहून जाते, आणि नातवंडांच्या मनात पणजी कायमची निळ्या लुगड्यात बसते.

येथे आपल्या तीन मागण्या पुन्हा पुढे येतात.

“उजळ करून द्या” ही पहिली. पिवळट पडलेला, डागाळलेला फोटो उजळ करणे हे पुण्यकर्मच. पण ही मागणी सर्वांत अधिक होते ती लग्नाच्या मुलीच्या फोटोसाठी, हे आपण सारे जाणतो. तिच्या चेहऱ्यावर तिच्याच चेहऱ्याचा एक थर, स्क्रीन रीतीने, तीस टक्के; झाले काम. बाहेरून काहीच आणलेले नाही, म्हणून यात खोटे काही नाही असे आईवडील मनाशी म्हणतात. मुलगी काय म्हणते? वर्गात माझ्यासमोर अशा मुली बसतात. तो तीस टक्क्यांचा थर मुलाकडच्यांना दिसत नाही, पण तिला दिसतो. आपल्याच घरच्यांना आपण किती टक्के कमी वाटलो, हे तिला त्या फोटोने नेमके आकड्यात सांगितलेले असते.

दुसरी मागणी, गेलेल्या माणसाला फोटोत बसवण्याची. तिच्यावर हसण्याचे धाडस माझ्यात नाही. ज्या आईने मुलाचे लग्न एकटीने पार पाडले तिला शेजारची रिकामी जागा भरून हवी वाटली, तर कोणी काय म्हणावे? काम मात्र कौशल्याचे असते. मांडवातला उजेड उजवीकडून आणि वडिलांच्या जुन्या फोटोतला डावीकडून असला की माणूस चिकटवलेला दिसतो. पायाखाली सावली हवी. ती वेगळ्या थरावर, मल्टिप्लाय करून, हलकी. इतके जमले की दादा लग्नाला आले. घरातल्या सर्वांना खरे ठाऊक असते, तोवर हे फसवणे नव्हेच. फोटोला हार घालण्यासारखेच आहे ते. पण ठाऊक असलेली माणसे किती वर्षे राहणार? पन्नास वर्षांनी तो फोटो हाती घेणारा नातू म्हणेल, “आजोबा लग्नात होते.” आईने ते लग्न एकटीने केले, ही खरी थोरवी त्या फोटोतूनच पुसली जाईल.

तिसरी मागणी काढून टाकण्याची. राज्यकर्त्यांनी हे पुष्कळ केले आहे. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर १९३७ साली स्टालिनच्या शेजारी चालणारा येझॉव्ह १९४० साली गोळी घालून मारला गेला, आणि पुढच्या छापील फोटोत त्याच्या जागी नुसते पाणी दिसू लागले. आपल्या घरांतून गोळी घालत नाहीत; वाटणीचा दावा लावतात. पण फोटोवाल्याकडे दोघेही जातात.

अशी एक मागणी मी प्रत्यक्ष ऐकली. एका जुन्या हस्तलिखिताची पाने स्कॅन करून घेण्यासाठी मी फोटोच्या दुकानात बसलो होतो. साठी उलटलेल्या एक बाई १९७४ सालचा घरातला फोटो घेऊन आल्या. त्यातल्या धाकट्या दिराला काढायचे होते. वाड्याचा दावा अठरा वर्षे चालला होता, एवढे त्यांनी आपण होऊन सांगितले. दुकानातला तरुण फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिला.

“काकू, यांचा हात तुमच्या सासूबाईंच्या खांद्यावर आहे.”

“मग?”

“यांना काढलं तर सासूबाईंचा खांदा मला बनवावा लागेल. खालचा खांदा फोटोत नाहीच ना.”

“बनवायचा म्हणजे? त्यांचा खांदा तू बनवणार?”

“दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोतला घेऊन.”

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “निदान पुसट तरी कर त्याला.” त्याने दिराचा तेवढा भाग उचलून वेगळ्या थरावर घेतला, मागे भिंतीचा तुकडा भरला, आणि थर तीस टक्क्यांवर आणला. पडद्यावर एकोणीस-वीस वर्षांचा हसरा मुलगा धुक्यासारखा विरळ झाला. त्याच्या छातीतून मागची भिंत दिसू लागली. बाईंनी एकदम हात पुढे केला.

“नको, नको रे बाबा! असा नको. जिवंत आहे तो अजून. आहे तसाच ठेव.”

त्याने आकडा पुन्हा शंभर केला. त्यासाठी त्याला काही परत आणावे लागले नाही. मूळ फोटो तळाशी होताच.

मराठीच्या शिक्षकाला येथे एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. एखाद्या कामावर ‘हरताळ फासला’ असे आपण म्हणतो. पोथी लिहिताना अक्षर चुकले तर लेखक त्यावर हरताळ या पिवळ्या द्रव्याचा लेप देई आणि त्यावर नवे अक्षर लिही. तोही थरच, पण न उचलता येणारा. खाली काय होते हे बहुधा लेखकाबरोबरच गेले. याच्या उलट रीत पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाळली. १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पुरे झालेले ते काम. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ, आणि त्याच पानावर खाली निरनिराळ्या पोथ्यांतले पाठभेद. संपादकांनी निर्णय घेतला, पण जे वगळले ते फेकून दिले नाही. उद्याच्या वाचकाला त्यांचे चुकले असे वाटले तर पुरावा त्याच पानावर आहे.

थरांचा कार्यक्रम आपल्याला या दोन्ही रीती देतो, आणि निवड आपल्यावर सोडतो. नको तो भाग खोडरबराने पुसता येतो; किंवा त्या थराला मास्क, म्हणजे मुखवटा, लावता येतो. मुखवट्यावर काळा रंग लावला की तो भाग झाकला जातो, पांढरा लावला की परत येतो, आणि करडा लावला की अर्धवट दिसतो. खाली काहीच मरत नाही. पण काम संपल्यावर फोटोवाला सारे थर एकात दाबून जेपेग नावाची फाइल देतो, कारण मोबाइलवर पाठवायला तीच सोयीची. तिच्यात थर नसतात आणि पारदर्शकताही नसते. तो हरताळ झाला.

म्हणून यंदा आल्बम घेऊन जाल तेव्हा एवढे करा. प्रथम मूळ फोटो हात न लावता स्कॅन करून घ्या, डागांसकट, चिरांसकट. काम झाल्यावर जेपेग घ्याच, पण थरांची फाइलही मागून घ्या. फोटोशॉपची असेल तर तिच्या नावाअखेर पीएसडी असते, गिंपची असेल तर एक्ससीएफ. थरांना नावे देता येतात. ‘दादा, नंतर बसवले’ असे मराठीत स्वच्छ लिहायला सांगा. आणि छापून घेतलेल्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहा: काय बदलले, कोणी, कोणत्या साली. मोबाइल बदलतील, कार्यक्रम बदलतील, पेन्सिल टिकेल.

मूळ का जपायचे, याचे आणखी एक कारण त्या लांबलचक यादीतच आहे. डिफरन्स नावाची एक रीत तिच्यात असते, म्हणजे वजाबाकी. मूळ फोटोवर बदललेला फोटो नेमका बसवायचा आणि ही रीत लावायची. जेथे दोन्ही सारखे तेथे शून्य, म्हणजे काळे. जेथे जेथे हात फिरला तेवढी जागा काळोखात उजळून उठते: मुलीचा गाल, आजीचे लुगडे, मांडवातले दादा. आपल्या नातवाला कधी खरे काय ते पाहावेसे वाटले तर त्याला ते एका क्षणात पाहता येईल. त्यासाठी त्याच्या हाती दोन्ही फोटो असले पाहिजेत, आणि त्यांतला एक आपण आज स्कॅन करून ठेवायचा आहे.